वाडीचं तीर्थ आणि खाटेचा दांडा

माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं. ह्रस्व-दीर्घ चौथीतही जमलं नाही आणि चौथीनंतर शाळाच सुटली. हे वाचणारं कोणी नाही, तरी चुकून कुणाच्या हाती लागलं तर माफी असावी, आणि जिथलं तिथं ठेवावं.

कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात, अतिदक्षता विभागात मी मावशी होते. फरशी पुसायची, चादरी बदलायच्या, पेशंटला कुशीवर वळवताना सिस्टरांना हात द्यायचा. माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. सिस्टर म्हणायच्या, "मावशी, तुमच्यापेक्षा आमचे नळी घातलेले पेशंट बरे बोलतात."

एकदा तिथं आमच्या गल्लीतली आक्का आली. तिच्या म्हशी होत्या. सकाळी कट्ट्यावर धार काढून गिऱ्हाइकाला तिथंच दूध पाजायची आणि अडल्यानडल्याला पैसेही द्यायची. घरावर पत्रे घालायला मीही घेतले होते. निम्मे फिटले होते, निम्मे राहिले होते. कागद नाही, साक्षीदार नाही.

तिला गोठ्यात मण्यार चावली होती. विषानं अंग लुळं पडलं, पापण्या मिटल्या, श्वास मशीनवर. तिच्या खाटेपाशीच मी हळूच सिस्टरांना उसन्या पैशांचं सांगितलं. त्या हसल्या, "म्हणजे आक्का गेली तर मावशी सुटली!"

थट्टाच ती, पण मला लागली. आक्का गेली तर मी त्या पत्र्याखाली झोपणार कशी?

डॉक्टर म्हणाले, विष उतरेल, छाती चांगली आहे. तोवर तिच्यात जंतू शिरले नाहीत म्हणजे मिळवली. सिस्टरांनी मला समजावलं होतं, की पेशंट सपाट पडला की तोंडातलं पाणी नळीच्या कडेनं छातीत झिरपतं. म्हणून खाट उशाकडून उचललेली पाहिजे, तोंड औषधानं पुसलेलं पाहिजे, आणि हात लावायच्या आधी हात धुतलेले पाहिजेत.

आक्काचा थोरला मुलगा पैलवान गडी. भेटायच्या वेळेला आला की पहिलं काम म्हणजे खाटेचा दांडा फिरवून आईला सपाट करायचं.

"आई काय आरामखुर्चीत बसलीया व्हय? मान मोडंल की तिची!"

सिस्टर ओरडायच्या, खाट वर करायच्या. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग मी भेटायची वेळ झाली की दांडा उपसून माझ्या पुसायच्या बादलीत टाकायला लागले. गडी खाटेखाली वाकून शोधतोय.

"मावशी, दांडा कुठं गेला ओ?"

मी खाली मान घालून फरशी पुसत राहिले. लाजाळू बाईचा हा एक फायदा. तिला कोणी दोनदा विचारत नाही.

मग तो नृसिंहवाडीहून तांब्याभर तीर्थ घेऊन आला.

"दोन थेंब घालतो आईच्या तोंडात."

"अजिबात नाही," सिस्टर म्हणाल्या. "छातीत उतरेल ते."

"दत्ताचं तीर्थ छातीत उतरलं तर वाईट काय हुतंय?"

त्यानं तांब्या पुढं केला. तेव्हा माझ्याच तोंडून आवाज आला आणि मीच दचकले.

"दादा, आक्का पारोशी हाय."

तो थांबला. आक्का आंघोळ केल्याशिवाय म्हशीच्या सडालासुद्धा हात लावायची नाही, हे गल्लीला माहीत.

"मग ओ?"

"तिच्या नावानं तुम्ही घ्या. पर कोपरापातूर साबणानं हात धुऊन. आन् आक्काला हात लावायच्या आधी रोज तसंच. आजारी माणसाचं सोवळं असतंय."

"आन् हिला असं तिरकं का ठेवलंय?"

"देवाचं नाव घेताना कोण आडवं पडतं का, दादा?"

सिस्टर तोंडावरचा मास्क सारखा करत भिंतीकडं वळल्या. गडी नळाखाली असा काही घासत बसला की जणू आखाड्यातून आलाय. त्या दिवसापासून त्याच्या घरचे सगळे बेसिनपुढं ओळीनं उभे. मी दांडा जागेवर लावून टाकला.

विष उतरलं. आक्काच्या पापण्या हलल्या, हात हलले, छाती स्वच्छ राहिली. एका सकाळी डॉक्टरांनी नळी काढली. मुलगा कान देऊन वाकला, आई आता दत्ताचं नाव घेणार म्हणून. आक्कानं नजर फिरवून मला शोधलं. घोगऱ्या आवाजात म्हणाली,

"सुटलीस व्हय ग?"

सिस्टर कपाटामागं गेल्या. माझ्या पायाखालची फरशी, तीही मीच पुसलेली, सरकली.

"समदं ऐकत हुतो मी," आक्का म्हणाली. "दांडा बादलीत वाजायचा त्योबी. आन् मला पारोशी म्हणतीस?"

पुढं दर पगाराला थोडे थोडे देत गेले. शेवटची रक्कम कट्ट्यावर नेऊन दिली. आक्का अंगठ्याला थुंकी लावून नोटा मोजायला लागली.

"आक्का, हात तरी धुवा की," मी म्हणाले.

"आता नळी न्हाय माझ्या घशात," म्हणत तिनं परत अंगठा ओला केला. मोजून झाल्या, कनवटीला गेल्या. मग पेलाभर धारोष्ण दूध माझ्यापुढं सरकवून म्हणाली, "फिटलं समदं. आता सुटलीस."