झाडं एकाची, माणसं दुसऱ्याची

आमचं दोघांचं शेवटचं फिरणं वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये झालं. रविवार होता, मुलाच्या घरून, अ‍ॅशबर्नहून, सुनेनं गाडीतून नेलं. मला चित्रांतलं ओ की ठो कळत नाही. शाळा चौथीपर्यंत, मग सगळा जन्म लाकडाच्या वखारीत. पण एका जंगलाच्या चित्रापुढं पाय थांबले. ओकचे जुने बुंधे, कवेत न मावणारे. कुठल्या खोडातून किती फळ्या निघतील, याचा मी मनात अंदाज बांधायला लागलो.

"अहो, ती बाई बघितली का?" ही म्हणाली.

"कुठली बाई?"

"त्या वाटेवर. डोक्यावर मोळी आहे. आणि पुढं रिकामे हात हलवत चाललाय, तो नवरा असणार!"

बोटाच्या पेराएवढी माणसं. मला दिसलीच नव्हती.

सुनेनं शेजारची पाटी वाचली. चित्र फ्लेमिश, म्हणजे बेल्जियमकडचं, फार जुनं. "बाबा, यात झाडं एकानं काढलीत आणि माणसं दुसऱ्यानं. तेव्हा तशी पद्धतच होती."

"आमच्या घरासारखी," ही म्हणाली. "झाडं यांची. माणसं मला आणावी लागतात."

"पुरे गं," मी म्हटलं. "चल."

खोटं नव्हतं. रोज सकाळी घरामागच्या झाडीत फिरताना मी झाडं बघत वीस पावलं पुढं. ही मागं बाकावर दोन म्हाताऱ्यांशी बोलत बसायची, एक तेलुगू, एक गोरी. तिघींच्या भाषा तीन, तरी हसणं माझ्यापर्यंत यायचं. अमेरिकेत आल्यापासून सहा वर्षांत मी त्यांच्याकडं मान वळवून बघितलं नाही. आमच्या घरी जो कोणी चहाला आला, तो हिनं आणलेला. मी आयता ओळखीचा झालो. उपकारच की हे. पण तोंडानं कधी म्हटलं नाही.

म्युझियममधून आलो त्याच संध्याकाळी खुर्चीत बसल्या बसल्या ही गेली. त्रास झाला नाही, हेही देवाचे उपकार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठवलं, बाकावर त्या दोघी हिची वाट बघत असतील. फोन नंबर कुणाकडं नव्हता.

"बाबा, मी सांगून येतो," मुलगा म्हणाला.

"नको. मीच जातो."

दोघी बसल्या होत्या. मधे जागा धरायला पिशवी. मला इंग्रजी येत नाही. "माय वाइफ," एवढंच म्हणालो आणि हात आभाळाकडं केला. तेलुगू बाईनं तोंडाला पदर लावला. गोरीनं मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

मी तिथं बसलो.