लहानीचं वय

काजलला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचे हातच दिसत नव्हते. शर्टाच्या बाह्या बोटांच्याही पुढे लोंबत होत्या, पँट कमरेला दोरीनं आवळलेली, आणि बुटांच्या टोकांत चिंध्या कोंबलेल्या. ब्रह्मपुरीच्या मैदानावर आम्ही मुली फुटबॉलच्या सरावाला जमलो होतो. मी गोलकीपर. कुरखेड्याच्या पलीकडच्या एका जंगलातल्या गावातून ही मुलगी अकरावीला आली आहे, वसतिगृहात राहते आणि चांगली पळते, एवढंच आमच्या प्रशिक्षक वंदना मॅडमनी सांगितलं होतं. तिचा अवतार पाहून मला हसू आलं. तिनं बूट काढून बाजूला ठेवले, अनवाणी पायानं चेंडू पुढे घेतला आणि माझ्या डाव्या हाताला, खाली, जिथे मी कधीच वेळेवर पोचत नसे, तिथून आत घातला. मला वाटलं, चुकून गेला असेल. तिनं दुसराही तिथूनच घातला.

सराव संपल्यावर मी विचारलं, "एवढे मोठे कपडे काऊन घालतं वं?"

"आई घेते," बाह्या वर सारत ती म्हणाली. "तिले वाटते मी मोठी हाय."

ती वर्गात सगळ्यांत लहान दिसायची. नुसती उंचीनं नाही, चेहऱ्यानंही. आम्ही मुली तिच्या गालाला हात लावायचो आणि ती चिडायची. मात्र चेंडू पायाशी आला की तिच्यातलं लहानपण कुठे जायचं कोण जाणे. समोरची मुलगी कितीही दांडगी असो, काजल तिच्या बाजूनं पाण्यासारखी निघून जायची. गोल झाल्यावर नाचणं नाही, ओरडणं नाही. मैदानाच्या मध्याकडे परत येताना ती हळूच म्हणायची, "अर्धा माहा." आम्हाला वाटे, उरलेला अर्धा पास देणारीचा. किती भली पोरगी, असं आम्ही म्हणायचो.

एक गोष्ट मात्र खटकायची. तिच्या आईचा वसतिगृहात फोन आला की आई म्हणायची, "लहानीले द्या जी." विदर्भात धाकट्या मुलीला घरोघरी लहानी म्हणतात, त्यात नवल काही नाही. पण काजल एकुलती एक होती. वडील ती शाळेत असतानाच वारले होते. मी एकदा तिला विचारलं, "तू लहानी, तर मोठी कोन?" तिनं चेंडू उचलला आणि म्हणाली, "चल, सराव करू."

आम्ही बारावीला असताना एका मोठ्या शहरातल्या व्यावसायिक क्लबची माणसं चंद्रपूरला मुली निवडायला आली. त्यांना सतरा वर्षांखालच्या संघासाठी खेळाडू हव्या होत्या. निवड झालेल्या मुलीची राहण्याची, शिक्षणाची सोय क्लबच करणार होता आणि अठरा पूर्ण झाल्यावर पुढे व्यावसायिक खेळाडू म्हणून करार. माझं वय उलटून गेलं होतं. काजलचंही कागदानं उलटलं होतं, ती अठराची होती. तरी वंदना मॅडम तिला घेऊन गेल्या, कारण मॅडमचा कागदावर विश्वास नव्हता. "मी बावीस वर्षं पोरींना पळताना पाहते आहे," त्या म्हणाल्या, "ही अठराची नाही."

दोन दिवस ती खेळली. दुसऱ्या दिवशी क्लबच्या प्रमुख प्रशिक्षकांनी वही मिटून ठेवली आणि नुसतं तिलाच पाहत बसले. संध्याकाळी त्यांनी जन्माचा दाखला मागितला, पाहिला आणि परत केला.

"कागज़ पे ये अठारा की है, मॅडम."

"सर, कागद चुकीचा आहे."

"सब यही बोलते हैं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

परतीच्या बसमध्ये मॅडम म्हणाल्या, त्यांचं काही चुकलं नाही. वय लपवून मोठ्या मुली लहानांत घुसवणारे लोक त्यांनीही पाहिले होते; धडका खाऊन खेळ सोडून दिलेल्या लहान मुलीही पाहिल्या होत्या. नियम अशाच मुलींसाठी होता. "पण आपल्या पोरीचं उलटं झालं आहे," त्या म्हणाल्या, "आणि ते का झालं, ते ती बोलत नाही."

ती माझ्याशी बोलली. दुसऱ्या दिवशी आम्ही गोलची फाटलेली जाळी शिवत बसलो होतो. दोरी दातानं तोडत ती म्हणाली, "काजल मी नाई."

"म्हंजे?" मी विचारलं.

"काजल माही बहीण. मोठी. दोन वर्षाची होऊन मेली, तापानं. तवा मी आईच्या पोटात होती." ती जाळीकडेच पाहत होती. "तिचा जन्म दवाखान्यातला, दाखला होता. मी घरीच झाली. शाळेत टाकाच्या वक्ती गुरुजीनं दाखला मांगला, तं आईनं तिचाच देल्ला. नाव तयारच होतं म्हने."

"अन् तुहं नाव?"

"माहं कोनी ठेवलंच नाई. लहानीच म्हनते."

मला तेव्हा ते मोठे कपडे कळले. तिची आई दर दिवाळीला कपडे घ्यायची ते काजलच्या वयाचे. गेलेली मुलगी असती तर तिला जसे बसले असते तसे. आणि तो अर्धा गोल कुणाचा, तेही कळलं. हातातली सुई मी खाली ठेवली. त्या जाळीला नंतर हात लावायचं मला धाडस झालं नाही.

मॅडमना हे कळल्यावर त्या तिला चंद्रपूरच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. मनगटाच्या हाडांवरून वयाचा अंदाज येतो. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून हाडांच्या टोकांजवळच्या फटी दाखवल्या. त्या अजून मिटल्या नव्हत्या. मुलगी सोळाच्याही आत असावी, असं ते म्हणाले. लहानीनं तो एक्स-रे मागून घेतला आणि बसमध्ये खिडकीला लावून पुन्हा पुन्हा पाहिला. "हे सारं माहंच हाय," ती म्हणाली. "यात तिचं काई नाई."

पण क्लबला कागद हवा होता. एक्स-रेचं ऐकून त्यांनी हंगाम सुरू होईपर्यंत मुदत दिली. पहिल्या मुलीच्या मृत्यूची नोंद आईनं करायची आणि मग दुसरीच्या जन्माची, एवढा एकच मार्ग होता.

मॅडम, लहानी आणि मी तिच्या गावी गेलो. तिच्या आईनं, मी तिला काकू म्हणायची, भात आणि वांग्याची भाजी केली होती. वाढताना ती म्हणाली, "काजलले वांगं नाई चालत. हे मातर सारं खाते." हे म्हणताना तिनं लहानीकडे बोट केलं. मॅडमनी जेवण झाल्यावर हळूहळू सगळं समजावून सांगितलं. ऐकून झाल्यावर काकू उठली, सगळ्यांच्या ताटल्या गोळा केल्या आणि दारातूनच म्हणाली:

"माही काजल शाळेत गेली म्याडम. दहावी पास झाली. पेपरात नाव आलं तिचं खेळाचं. ते मेली म्हून मी आपल्या तोंडानं सांगू?"

"काकू, पण शाळेत तर ही गेली ना?" मी म्हणाले.

काकूनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी फार परक्या भाषेत बोलले होते. लहानीच म्हणाली, "राहू द्या म्याडम. आईले नोका विचारू."

क्लबचं दार बंद झालं असं धरून मॅडमनी तिला खुल्या गटात घेतलं. तिथे वयाची अट नव्हती. पंचविशी-तिशीच्या बाया खेळायच्या. कागदानं अठराची असल्यामुळे कुणाची हरकत नव्हती. ती बहिणीच्या वयानं खेळू लागली आणि स्वतःच्या हाडांवर मार खाऊ लागली. रोज नवं काळंनिळं. मी मलम लावायची तेव्हा ती म्हणायची, "तिले झेपलं असतं."

दिवाळीनंतर काकू नव्या तांदळाचे पोहे घेऊन वसतिगृहात आली. त्या दिवशी आमचा सामना होता. मॅडमनी तिला मैदानावर आणून खुर्चीवर बसवलं. मुलीला खेळताना तिनं कधीच पाहिलं नव्हतं. लहानीच्या अंगात त्या दिवशी मॅडमनी शिवून घेतलेली तिच्या मापाची जर्सी होती. त्या जर्सीत ती अगदी एवढीशी दिसत होती.

उत्तरार्धात समोरच्या संघाची एक धिप्पाड बाई आणि लहानी एकाच चेंडूवर गेल्या. बाईचा कोपर लहानीच्या छातीवर बसला. ती मागे फेकली गेली आणि उठलीच नाही. शिट्टी वाजायच्या आत काकू मैदानात होती. पायात चपला नाहीत, पदर मातीत. तिनं त्या बाईला दोन्ही हातांनी ढकललं आणि ओरडली, "लहान हाय ते! दिसत नाई का तुमाले? लहान लेकरू हाय!"

मी गोल सोडून धावत गेले होते. काकूनं लहानीचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती तिच्या कपाळावरून, गालांवरून, त्या उघड्या मनगटांवरून हात फिरवत होती, जसं जन्मलेलं मूल पहिल्यांदा हातात दिल्यावर आई त्याला तपासते. लहानीचा श्वास परत आला. काकूनं मॅडमकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठी सांगा लागते?"

सरकारी कचेरीत मी त्या दोघींबरोबर होते. साहेब समजूतदार होते, हळू आवाजात विचारत होते. मुलगी कधी गेली, कशानं गेली. काकू नीट उत्तरं देत होती. कुठे पुरलं, असं विचारल्यावर तिनं पदर सावरून घेतला. मग म्हणाली, "आमच्या वावरातल्या बोडीच्या पाळीवर. पोटुशी बाईनं जावाचं नसते जी. पन मी लपून गेली मागून. दुरून पाह्यलं." बोडी म्हणजे शेतातलं लहानसं तळं, आणि पाळ म्हणजे त्याचा मातीचा बांध. साहेबांनी लिहून घेतलं. नंतर त्यांनी दुसऱ्या मुलीचं नाव विचारलं. काकूनं लहानीकडे पाहिलं.

"लहानी लिहा," लहानी म्हणाली.

"ते घरचं झालं. पूर्ण नाव?"

"तेच पूर्ण हाय, साहेब."

गावातल्या पंचायतीच्या फळ्यावर सूचना लागली: काजल नावाच्या मुलीच्या मृत्यूची नोंद करण्यात येत आहे, कुणाची हरकत असल्यास कळवावं. कुणीतरी त्या सूचनेचा फोटो काढून मोबाइलवर पाठवला. तिच्या जुन्या शाळेतल्या मुलींचे वसतिगृहात फोन येऊ लागले. एक तर रडतच होती. लहानीच फोन घ्यायची आणि म्हणायची, "नाई वं, मी बोलून राह्यली." हरकतीची मुदत संपली तेव्हा ती मला म्हणाली, "कोनाचीच हरकत नाई सुजाता, काजल मेली त्याले." हसत म्हणाली, पण नंतर दोन दिवस ती मैदानावर आली नाही. तिच्या मैत्रिणींनी काजल म्हणून हाक मारलेली, काजल म्हणून वर्गात पहिली आलेली, काजल म्हणून पेपरात छापलेली ती मुलगी खरंच गेली होती, आणि तिचं सुतक कुणी धरलं नव्हतं.

कागद वेळेत मिळाले. क्लबनं तिला घेतलं. पुढे अठरा पूर्ण झाल्यावर, तिची स्वतःची अठरा, तिनं करारावर सही केली. आता ती दूरच्या शहरात खेळते. सामना मोबाइलवर दिसतो तेव्हा मी पाहते. गोल झाल्यावर ती ओठ हलवते का, हे मी निरखून बघते. कॅमेरा तेवढ्यात दुसरीकडे जातो.

मला मात्र ती आठवते ती क्लबकडे जायच्या आदल्या दिवशीची. मी तिला सोडायला गावी गेले होते. दुपारी काकू म्हणाली, "जायच्या आधी तिले भेटून घे." आम्ही तिघी वावरात गेलो. धान कापून झालं होतं, बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, नुसते बुडखे उरले होते. पण बोडी मधल्या काळात यंत्रानं खोल केली होती आणि उकरलेली माती टाकून पाळ नव्यानं, उंच बांधली होती. काकू पाळीवर चढली आणि थबकली.

"इथीच होतं," ती म्हणाली. "मोहाचं झाड होतं इथी." झाड कुठेच नव्हतं. ती चार पावलं पुढे गेली. "नाई, तिकडं असन." परत फिरली. खाली वाकून मातीला हात लावायची, उठायची, पुढे जायची. असं करत तिनं अर्धी पाळ पालथी घातली. शेवटी ती खालीच बसली. "मी कवा आलीच नाई वं इकडं," ती म्हणाली. "घरी होती ना माही पोरगी. कायले येऊ? आता सापडत नाई मले."

तिचा आवाज ऐकवत नव्हता. मी पाण्याकडे पाहत उभी राहिले.

लहानी पाळीवरून सावकाश चालत पलीकडे गेली. एका जागी थांबली. पायानं ढेकूळ बाजूला केलं आणि मागे वळून म्हणाली, "आई, इथी हाय."

"तुले कसं मालूम?"

"मी होती ना तुह्यासंग," लहानी म्हणाली. "पोटात."

काकू उठून तिथपर्यंत गेली आणि लहानीनं दाखवलेल्या मातीवर दोन्ही हात ठेवून बसली.