आधी रॉड, मगे माणूस

आप्पांच्या गाडीत चढायचं म्हणजे आधी चपला काढायच्या, हातातली पिशवी बाहेर ठेवायची आणि मग रॉडांना धक्का न लावता आपण कुठे मावतो ते बघायचं. गाडी म्हणजे शाळेची जुनी व्हॅन. आप्पा आमच्या लालबागच्या चाळीत शेजारच्या खोलीत राहायचे. फिटर म्हणून निवृत्त झाले आणि ही व्हॅन घेऊन तिच्यातले बाक त्यांनी उपटून टाकले. आत शेगडी, पाण्याची टाकी, कपड्यांचं कपाट, सगळं स्वतःच्या हातांनी बसवलं. एका अंगाला पूर्ण लांबीची फळी ठोकली. कोणालाही वाटावं, ही झोपायला. छे. त्या फळीवर आप्पांचे गळाचे सात रॉड झोपायचे.

सहा रॉड प्लॅस्टिकच्या पाइपांत, पाइपांना आतून फोम, दोन्ही तोंडांना झाकणं. सातवा नऊ फुटांचा, एकसंध, तो कुठल्याच पाइपात मावायचा नाही. तो जुन्या धोतरात गुंडाळलेला. सगळे फळीला पट्ट्यांनी आवळलेले आणि पट्ट्यांवर स्क्रू. समुद्रावरून आले की प्रत्येक रॉड गोड्या पाण्याने धुवायचा, सावलीत वाळवायचा, मगच आत. "ओलो रॉड पायपात घातलंस काय मीठ तेका खाता," हे मी शंभरदा ऐकलंय. खड्डा आला की आरशातून आधी फळीकडे नजर. आणि कोणी जागेवरून कुरकुर केली की ठरलेलं वाक्य: "माणूस वाकता, रॉड मोडता. आधी रॉड, मगे माणूस."

चाळ हसायची. मीही हसले आहे, खोटं कशाला बोलू. उन्हाळ्यात मसाला कुटायचे दिवस आले की आप्पा गल्लीतल्या डंकवाल्याशी भांडायचे, की तुझी मिरची माझ्या रॉडाच्या रिळात जाते. तो बिचारा म्हणायचा, "आप्पा, गाडी पुढे लावा ना." पण पुढे ऊन. उन्हात रॉड तापतात. मग गाडी तिथेच आणि भांडण रोज. माणूस वाईट नव्हता. तांबोशी गळाला लागली तर पहिला तुकडा माझ्या आईच्या ताटात, आमच्या नळाचा वायसर बदलायला बोलवावं लागायचं नाही. म्हणूनच तर कोणी त्यांना कधी काही बोललं नाही. मीही नाही.

आणि काकी? त्यांची बायको? ती हत्यारांच्या पेटीवर बसायची. पाय पोटाशी, पाठीला टाकीचा कोपरा. लालबाग ते देवगड. मी परळच्या हॉस्पिटलात सिस्टर आहे, पाठी बघण्यात माझा जन्म गेला. मी म्हणायचे, "काकी, अहो फळी मागा." तर ती पदराने तोंड पुसून म्हणायची, "ऱ्हवांदे गो. तेंका बरां वाटता."

गेल्या डिसेंबरात सुट्टी काढून मी त्यांच्याबरोबर देवगडला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा पुढे खडकावर, काकी मागून त्यांचा डबा घेऊन. शेवाळावर तिचा पाय सटकला. मी धावले. पाय बाहेरच्या बाजूला वळलेला, आखूड झालेला. खुब्याचं हाड. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला, दीड तास लागेल म्हणाले. दोघा गाबित मच्छीमारांनी तिला होडीच्या फळकुटावर घालून गाडीपाशी आणलं. मी म्हटलं, "आप्पा, फळी मोकळी करा. हिला सरळ झोपवायला हवं."

आप्पा फळीकडे बघत राहिले. "स्क्रू खोलूक अर्धो तास जातलो. आणि ठेवू खंय? वाळूत? बसान जातली ती."

खाली पडल्या पडल्या काकी म्हणाली, "बसतंय गो मी. नको उगाच."

माझं डोकंच फिरलं. वीस वर्षं मी त्या माणसाला अहो-जाहो केलं होतं. "माणूसपण मोडतो रे," मी ओरडले, "मोडलाय तुझ्यासमोर." चाक खोलायचा पाना उचलला आणि पट्ट्यांवर घातला. पाइप ओढून वाळूत फेकले. तो नऊ फुटी दारातून ओढताना चौकटीला अडकला. मी तसाच खेचला. कडकन मोडला. आप्पांनी हात उगारला, आणि कशाने कोण जाणे, खाली घेतला.

मग त्यांनी जे केलं त्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. काकीला फळीवर घेतल्यावर त्यांनी पाइपांतला फोम काढला. पायाच्या दोन्ही बाजूंना लावला, रॉडावरचं धोतर घडी करून गुडघ्याखाली सरकवलं, पट्टे आवळले, घट्ट पण काचणार नाही असे. आमच्या वॉर्डात नवीन आलेल्यांना हे सहा महिने शिकवावं लागतं. तिथल्या दवाखान्यापर्यंत गाडी अशी चालवली की तासाभरात काकी एकदाही कण्हली नाही. येत होतं त्यांना. सगळं येत होतं. इतकी वर्षं येत होतं आणि ती बाई पेटीवर बसून होती.

तिथून तिला परळला आमच्याच हॉस्पिटलात हलवलं, ऑपरेशन नीट झालं. पण काकी आता वॉकरशिवाय चालत नाही. आप्पा गाडी घेऊन गावी राहतात, तिथेच राहणार म्हणे. काकीने जायला साफ नकार दिला. माझ्याशी ते शेवटचं बोलले ते हॉस्पिटलच्या जिन्यात: "सोळा वर्सांचो रॉड होतो तो." मी तोंड उघडलं असतं तर नोकरी गेली असती.

काकी गुंगीतून बाहेर आली तेव्हा उशाशी मी होते. तिने ओठ ओले करून मागितले आणि विचारलं, "किती मोडले गो?"

मला वाटलं, आताही हिला रॉडांचीच काळजी. पण आजारी माणसाला काय बोलायचं. हळूच सांगितलं, "एकच हो काकी. बाकी सगळे धड आहेत."



"एकच?" ती म्हणाली. "मगे काय उपेग गो."