चाकं काढलेलं घर

आमच्या शेजाऱ्यानं जुन्या ट्रॉलीवर पत्र्याचं घर चढवलं. तो त्याला कॅराव्हान म्हणायचा, गल्ली डबा म्हणायची. डबा ओढताना त्याची जीप अशी खोकायची, की पार बिडकीनच्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबायच्या. "खरं सांगू का," म्हणून तो धडधडीत थाप मारायचा. थापांत मला भारी पडणारा तो एकटाच, म्हणून त्याला मी मानायचो.

त्याची माय मात्र डब्यात पाय ठेवीना. "उभी हयात मेंढरांमागं पालात गेली माझी. आता कुठं पक्कं घर मिळालं, अन् तू घराला चाकं लावतो व्हय रं?"

देवाला नेतो म्हणून त्यानं तिला जीपमध्ये बसवलं, मागं डबा जोडला. मीही होतो. सोयगावच्या डोंगराखाली मुक्काम पडला, पण माय जीपमधून उतरेना. त्यानं जॅक लावला, डब्याची दोन्ही चाकं काढली अन् डबा विटांवर टेकवला.

"खरं सांगू का माय, आता पक्कं झालं."

मायनं विटा चाचपल्या आणि आत जाऊन निवांत झोपली.

सकाळी बघतो तर म्हातारी स्वतःच चाक ढकलत आणत होती.

"लाव रं. एका जागी किती बसायचं?"