दुसरी घंटा

शनिवार पेठेतल्या त्या सभागृहात सुशीलाबाईंच्या घंटेला मंत्रीसुद्धा भितात, असं बापूराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. बापूराव संस्थेचे कार्यवाह. कौतुक करतानाही त्यांचा चेहरा तक्रार केल्यासारखा असायचा.

सुशीलाबाई लग्न होऊन पुसदहून पुण्यात आल्या. नवरा लवकर गेला. सभागृहात झाडलोट आणि चहा करता करता एक दिवस त्यांच्या हाती पितळी घंटा आली. पहिली घंटा म्हणजे आवरा. दुसरी म्हणजे बसा, मग माइक बंद. वक्ता कितीही मोठा असो, त्यांनी कधी पक्षपात केला नाही. आयुष्यात वाट्याला आलेला तेवढाच एक मान होता.

त्या संध्याकाळी मात्र त्यांचं लक्ष घंटेच्या टेबलावर नव्हतं. चहाच्या खोलीत लेकीची बॅग भरून ठेवली होती. सृष्टी बरेच दिवस धायरीच्या दोन खोल्यांत माहेरी राहिली होती. कार्यक्रम संपला की जावई दिग्विजय गाडी घेऊन येणार आणि तिला परस्पर घेऊन जाणार, हे सुशीलाबाईंनीच फोनवर ठरवलं होतं.

"मला नको पाठवूस," सृष्टी सकाळी म्हणाली होती.

"मारतो का?"

"नाही."

"पितो? दुसरी कोणी आहे?"

"नाही गं आई."

"मग झालं तरी काय?"

सृष्टी पांघरुणाची घडी घालू लागली. सुशीलाबाईंना याच्यापुढचा प्रश्न माहीतच नव्हता. एवढा आयटीतला, निर्व्यसनी मुलगा. शेजारणी जिन्यात विचारायला लागल्या होत्या, "अजून इथंच का हो?" लेक रात्री दिवा चालू ठेवून झोपते, आईला दाराच्या बाजूला झोपायला लावते, हे त्यांना दिसत होतं. पण दिसलेल्याचा अर्थ लावायची त्यांना भीती वाटत होती.

त्या संध्याकाळच्या परिसंवादाचा विषय होता, नवऱ्यानं केलेली जबरदस्ती कायद्यानं बलात्कार ठरावी का. हॉल गच्च भरला होता.

"कायदा नवा आला, कलमांचे आकडे बदलले," वकील अफशीन म्हणाल्या, "पण नवऱ्याला दिलेली सूट तशीच राहिली. बायको अठरा वर्षांवरची असेल, तर तिच्या 'नाही'ला या कलमात किंमत नाही."

विरोधात निवृत्त प्राध्यापक महिपती होते. "मग काय, रोज झोपण्यापूर्वी स्टॅम्पपेपर करायचा? नोटरी कुठं बसवणार, पलंगाखाली?" हॉल हसला. मग ते गंभीर झाले. खोट्या तक्रारीत एखादं घर उद्ध्वस्त झालं तर भरपाई कोण देणार, असं त्यांनी विचारलं. काही माना हलल्या.

सुशीलाबाई हसल्या नाहीत. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि तिसऱ्या रांगेतून सृष्टी उठली. तेवढ्यात मागचं दार उघडलं. दिग्विजय आत येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. तो लवकर आला होता.

"प्रश्न विचारा, आत्मचरित्र नको," बापूरावांनी नेहमीची सूचना दिली.

सृष्टीनं माइक हातात घेतला. दार तिच्या पाठीमागे होतं.

"एक बाई आहे. तिला नवरा मारत नाही. तिला ताप असतो तेव्हाही तो..." ती थांबली. पुन्हा सुरुवात केली. "ती नको म्हणते. रडते. तो म्हणतो, नाटकं करू नकोस."

सुशीलाबाईंनी पहिली घंटा वाजवली. हात आपोआप गेला होता.

"सकाळी तो चहा करून देतो. सगळ्यांना वाटतं, किती चांगला आहे. मला विचारायचंय, की त्या बाईनं... म्हणजे मी..."

बापूरावांनी घड्याळाकडे पाहिलं. आणि दुसरी घंटा वाजली.

ती आपणच वाजवली, हे सुशीलाबाईंना आवाज ऐकू आल्यावर कळलं.

दुसऱ्या घंटेला एरवी कोणी लगेच बसत नाही. 'एकच मुद्दा' म्हणत लोक आणखी बोलून घेतात. सृष्टी मात्र वाक्य अर्धं टाकून खाली बसली. लहानपणी ती याच टेबलाखाली बसून गृहपाठ करायची. दुसरी घंटा झाली की बसायचं, हे तिला आईनंच शिकवलं होतं.

अफशीनबाई सांगत होत्या, घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळ येतो, संरक्षण मागता येतं, ताई, कार्यक्रमानंतर मला भेटा. सुशीलाबाईंना अर्धंच ऐकू येत होतं. घंटेचा लोलक त्यांनी मुठीत घट्ट धरला होता.

आभार झाले. खुर्च्या सरकल्या. दिग्विजय थेट चहाच्या खोलीत आला. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीसारखा मऊ होता. "आई, बॅग द्या. घरचं घरात बोलू. हे असं चारचौघांत बरं दिसतं का?"

सृष्टी दारात उभी होती. तिची नजर आईच्या हातांवर होती.

सुशीलाबाईंनी बॅग उचलली. दिग्विजयनं हात पुढे केला.

"एक विचारू का, जावईबापू?" त्यांनी बॅग सोडली नाही. "ती नको म्हणते, तेव्हा तुम्ही थांबता?"

"आई, तुम्ही काय त्या वकिलीणबाईंचं..."

"थांबता का?"

"अहो, नवरा आहे मी तिचा!"

बाहेर बापूराव दिवे मालवत होते.

"मग ती येणार नाही," सुशीलाबाई म्हणाल्या.

"तुम्हीच फोन केला होता मला."

"केला होता. चुकलं माझं."

तो गेला. "हे इथं संपणार नाही," असं जाताना म्हणाला, आणि सुशीलाबाईंना त्यात शंका नव्हती. अफशीनबाई अजून जिन्यापाशी थांबल्या होत्या.

"चल," सुशीलाबाई लेकीला म्हणाल्या. "तुझं बोलणं राहिलंय. त्यांना सगळं सांग."

"तू येशील बरोबर?"

"तुला चालणार असेल तर."

सृष्टीनं होकाराची मान हलवली. सुशीलाबाईंनी घंटा कपाटात ठेवली आणि बॅग घेऊन तिच्या मागोमाग निघाल्या.