आभाळतात्या आणि हत्तीचा पाऊस

आभाळतात्यांचा अंदाज बरोबर आला असं एकही वर्ष मला आठवत नाही. आणि त्यांना विचारल्याशिवाय गावानं रब्बीच्या पेरणीला पाभर जुंपली असंही वर्ष आठवत नाही. या दोन गोष्टी एकाच गावात इतक्या सुखानं कशा नांदत होत्या, हे कळायला मला सासरची बरीच वर्षं खर्ची घालावी लागली.

तात्या म्हणजे माझे चुलत सासरे. आमचं घर पालीला, बिंदुसरेच्या काठी. मी बीड शहरातली. वडील कचेरीत कारकून होते, त्यामुळे मला लिहिता-वाचता येत होतं आणि त्याचा थोडा ताठाही होता. लग्न होऊन आले तेव्हा भादवा सरत आला होता. पहिल्याच सकाळी पाहिलं तर ओट्यावर एक उंच, हाडकुळा म्हातारा मुंडासं मांडीवर ठेवून, डोळे मिटून, टक्कल वाऱ्याला देऊन बसलेला. मला वाटलं, जप चालला असेल. सासूबाई म्हणाल्या, "जप कसला? हवा बघत्यात."

मुंडाशाखालच्या डोक्याला आभाळ कळत नाही, असं तात्यांचं मत होतं. वारा थेट कातडीला लागला पाहिजे. उगवतीचा वारा सुटला की पाऊस माघारी निघाला, मावळतीचा लागला की अजून आहे. अडचण एवढीच की आमच्याकडे आश्विनात सकाळी एक वारा असतो आणि दुपारी दुसरा. मग तात्या इतर साक्षीदार काढायचे. मुंग्यांची रांग पाहायचे, घारी किती उंच आहेत ते पाहायचे, शेळ्या अंगाला अंग लावून बसल्यात का ते पाहायचे. शेवटी चुलीपाशी येऊन मिठाच्या मडक्यात बोट घालायचे, म्हणजे सासूबाईंचं तोंड सुरू व्हायचं. एवढ्या सगळ्यांची साक्ष काढून मग ते चुकायचे.

मी आले त्या साली माझ्या माहेरच्या पंचांगात हस्ताचं वाहन कोल्हा होतं, म्हणजे पाऊस जेमतेम. मी मोठ्या ऐटीत ते वाचून दाखवलं. तात्या खो खो हसले. "कोल्हा? आगं, हत्तीवर कोल्हा बसंल व्हय? हत्ती औंदा लई पडनार!" हस्ताला आमच्याकडे हत्तीच म्हणतात. तो आला तो ना माझ्या कोल्ह्यासारखा, ना त्यांच्या हत्तीसारखा. रोज थोडी थोडी भुरभुर करून गेला. आम्ही दोघंही दोन दिवस एकमेकांशी जरा तुटकच बोललो, आणि तिथून पुढे आमचं चांगलं जमलं.

घट बसले की संध्याकाळी गडी माणसं आमच्या ओट्याशी जमायची. प्रश्न ठरलेला असायचा: "तात्या, हत्ती कसा?" त्या एका प्रश्नात अख्ख्या वर्षाचं अन्न असायचं. काढलेली बाजरी खळ्यावर उघडायची की कडब्याखाली झाकूनच ठेवायची, आणि रब्बीची ज्वारी आता पेरायची की थांबायचं. पेरल्यावर जोराचा पाऊस झाला तर काळ्या मातीची खपली धरते आणि कोंब वर येत नाही. थांबलं आणि पाऊस आलाच नाही, तर ओल उडून जाते आणि रानाला भेगा पडतात. तात्या मुंडासं काढायचे, सगळे गप्प व्हायचे, आणि मग निकाल लागायचा.

निजामाच्या राज्यात पिकं पाहायला गिरदावर यायचे. एकदा नवीनच आलेल्या गिरदावरानं घोड्यावरून विचारलं, "क्यों बडे मियाँ, बारिश होगी क्या?" तात्यांनी टक्कल वाऱ्याला दिलं. "बिलकुल न्हाई, सायेब. बेफिकीर जावा." गिरदावर मांजरसुंब्याच्या वाटेला लागला आणि वेशीबाहेर पडतो न पडतो तोच सर आली. साहेब चिंब होऊन परत ओट्यावर. पोलीस पाटलाच्या तोंडचं पाणी पळालं. तात्या मात्र शांत. "सायेब, ह्यो पाऊस न्हाई. ह्यो नुस्ता ढग सांडला." गिरदावर इतका हसला की आमच्याकडे भाकरी खाऊनच गेला.

गावची माणसं मात्र अशी हसून सोडत नसत. ज्याचं नुकसान व्हायचं तो ओट्यावर येऊन तात्यांचा उद्धार करायचा. त्यात गोजराबाई पहिल्या मानाची. ही धनगराची बाई. नवऱ्यामागं मेंढरं आणि थोडं रान एकटीनं सांभाळणारी. "मुडद्या, तुज्या टकलावर वीज पडो!" इथून ती सुरुवात करायची आणि तात्यांच्या पणजोबापर्यंत पोचायची. तात्या मान हलवत ऐकायचे. तिचा दम संपला की मला हाक मारायचे, "सूनबाई, गोजराबाईला गूळ-पाणी दे. घसा सुकला आसंल." ती गूळ खायची, पाणी प्यायची आणि पुढच्या नक्षत्राचं विचारून घरी जायची.

क्वचित कधी, ओटा रिकामा असला की तात्या वेगळंच बोलायचे. त्यांचे वडील सांगत की पूर्वी हत्ती सोंडेनं ओतायचा, बिंदुसरा घुमायला लागली की माणसांना बोलणं ऐकू यायचं नाही. आता तसा पाऊस राहिला नाही, पावसाचे दिवस सरकलेत, उत्तरा नक्षत्राचा पाऊस हस्तात येतो आणि हस्ताचा चित्रेत. "पर माजा बाप म्हनायचा, त्येचा बापबी आसंच म्हनायचा," ते म्हणायचे. "मंग आभाळ बदललं म्हनायचं का मानूस म्हातारा झाला म्हनायचं, काय कळंना बग." आता माझ्या तोंडीही तेच वाक्य येतं, तेव्हा मी जरा बिचकते.

तात्यांना एकच लेक, सखू. लिंबागणेशला दिलेली. तात्यांच्या गोठ्यात जन्मलेला चांद्या नावाचा बैल तिनं वासरू असल्यापासून हातानं वाढवला होता, आणि लग्नात तात्यांनी तो तिच्याबरोबरच धाडला. एका दसऱ्याला ती लेकराला घेऊन माहेरी आली होती. निघायच्या दिवशी घाटावर थोडं काळवंडलेलं होतं. तिनं विचारलं, "तात्या, निगू का उंद्या जाऊ?" तात्यांनी टक्कल वाऱ्याला दिलं. "जा बिनघोर. हत्ती गेला. आता नुस्ती थंडी."

दुपारी घाटाच्या अंगाला आभाळ फुटल्यासारखा पाऊस झाला. ओढ्यात सखूची गाडी सापडली. मेंढरं घेऊन थांबलेल्या धनगरांनी तिला, लेकराला आणि गाडीवानाला ओढून काढलं. बैल जुवाला बांधलेले होते. ते गाडीबरोबर गेले. चांद्या त्यात गेला.

दिवाळीला सखू आली. तात्या सकाळपासून ओट्यावर बसून होते. ती काय काय बोलेल, ते सगळं ऐकून घ्यायची त्यांनी तयारी केली होती, हे मला त्यांच्या बसण्यावरून कळत होतं. सखू आली, वाकून पाया पडली आणि म्हणाली, "तुमी काय करनार, तात्या. पाऊस व्हता त्यो." एवढं बोलून ती आत गेली. सासरच्यांनी काय ऐकवलं, बैलाचं काय दुःख झालं, एक अक्षर नाही. मोठ्या मनाची पोर. पण त्या मोठ्या मनानं म्हातारा पुरता मोडला. आयुष्यभर पोटभर शिव्या पचवलेल्या माणसाला ती माया पचली नाही.

पुढच्या साली घट बसले, माणसं जमली, आणि तात्या बाहेर आलेच नाहीत. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. "मला कळत न्हाई म्हनावं त्यास्नी." मी दारातून सांगायची, तात्यांना बरं नाही. माणसं परत जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. हस्ताचा बऱ्यापैकी पाऊस झाला, वापसा आला, रान पेरायला तयार झालं, आणि घाटावर पुन्हा ढग दिसायला लागले. पेरावं की थांबावं?

त्या दिवसांत गावात घराघरातून आवाज चढलेले ऐकू यायचे. आमच्याकडे हे म्हणत होते पेरू, भाऊजी म्हणत होते थांबू. शब्दानं शब्द वाढत गेला. "तुजं ऐकून थांबलो आन वल उडाली तर काय खायाचं रं?" "मंग आपापलं बघा! वाटन्या करा!" आणि भाऊजींनी खरोखरच जोडीतला एक बैल सोडून दुसऱ्या दावणीला नेऊन बांधला. सासूबाई पदरात तोंड घालून रडायला लागल्या. मी गोठ्यात उभी राहून त्या एकट्या बैलाकडे पाहत होते, आणि तात्या इतकी वर्षं गावासाठी काय करत होते ते मला तिथं कळलं. पेरणी साधली तर ज्याची त्याची अक्कल. फसली तर तात्यांची जीभ. नवऱ्यानं बायकोला, भावानं भावाला बोल लावायची गरजच पडत नव्हती. अंदाज कुणाला हवा होता? हवा होता तो अंदाज चुकल्यावर बोल घेणारा माणूस.

मी आत गेले. "तात्या, बाहेर या. एक शब्द बोला."

"मला कळत न्हाई गं, सूनबाई."

"ते समद्या गावाला ठावं हाय. तुमाला कळत कधी व्हतं?"

तात्या वळले आणि माझ्याकडे पाहत राहिले. "मंग कावून इचारत व्हते मला?"

"घरं फुटू नयेत म्हणून. आज आपलं फुटाया लागलंय."

त्यांनी अंगावरची वाकळ सारखी केली. मग हळूच म्हणाले, "चांद्या गेला माज्या बोलन्यानं. आन मला एक शिवी कुनी दिली न्हाई." आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

मी डोक्यावरचा पदर सारखा केला, दारात आले आणि ओट्यावरच्या माणसांना ठणकावून सांगितलं, "तात्या म्हणतात, उद्या मूठ धरा." मूठ धरणं म्हणजे पाभरीच्या चाड्यात, बी सोडायच्या लाकडी वाटीत, बियाणाची पहिली मूठ सोडणं. मी धडधडीत खोटं बोलले, आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही. माणसं भराभरा उठली. भाऊजी क्षणभर उभे राहिले, मग गोठ्यात जाऊन बैल मूळच्या जागी बांधून आले. दुसऱ्या दिवशी सगळ्या शिवारात पाभरी चालल्या.

आणि मग पाऊस आला. हत्ती निघून गेल्यावर आलेला, पण हत्तीच्याही वरताण. खपली धरली. खोलातल्या रानात पुन्हा पेरावं लागणार हे लहान पोरालाही दिसत होतं. माणसं ओट्याकडे निघाल्याचा गलका मी चुलीपाशी ऐकला आणि थापत आणलेली भाकरी परातीतच ठेवली. खरं सांगून टाकावं म्हणून मी उठले, तर आतल्या खोलीचं दार वाजलं. तात्या मुंडासं बांधत बाहेर येत होते. माझ्याजवळून जाताना थांबलेसुद्धा नाहीत. ओट्यावर जाऊन आपल्या जागी बसले.

"व्हय," ते म्हणाले, "मीच म्हनलो. चुकलंच माजं. बोला."

गोजराबाईनं पुढे होऊन सुरुवात केली. मागच्या सालची थकबाकी धरून तिनं असा काही समाचार घेतला की बाकीच्यांना बोलायला जागाच उरली नाही. तात्या मान हलवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग आला होता.

त्या गर्दीच्या मागं सखू उभी होती. बापानं हाय खाल्ल्याचं ऐकून ती त्याच दिवशी लिंबागणेशहून आलेली. गोजराबाई दम घ्यायला थांबली तशी ती पुढे आली. "माजं बी ऐका मंग," ती म्हणाली. "माजा चांद्या गेला तुमच्यापायी! हातानं चारला व्हता म्या त्याला. तुमी जा म्हनलात म्हनून गेलते मी. बगून सांगायचं व्हतं ना, तात्या! नीट बगून सांगायचं व्हतं!" आणि ती ओट्याच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडली. तात्या उठून तिच्याशेजारी पायरीवर बसले. "बोल, बाई," ते म्हणत होते, "आजून बोल." दोघांच्याही डोळ्यांना धार लागली होती. माणसं खाली माना घालून एकेक करून निघून गेली. त्या दिवशी तात्या पोटभर जेवले.

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले आणि इमानेइतबारे चुकत राहिले. माझ्या खोट्याबद्दल त्यांनी कधी कुणाजवळ चकार शब्द काढला नाही, माझ्याजवळही नाही. ते गेले भर उन्हाळ्यात, आभाळाबद्दल कुणी काही विचारत नाही अशा दिवसांत.

त्या साली घट बसले तशी माणसं सवयीनं ओट्याशी आली. पानतंबाखू झाली, इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि विझलं. भाऊजी जमीन उकरत होते. हे त्यांच्याकडे न पाहता बसले होते. काठी टेकत आलेली गोजराबाई दाराकडे वळून म्हणाली, "सूनबाई, तू तरी सांग. हत्ती कसा? पेरावं का?" सगळी तोंडं दाराकडे फिरली. कुणी हसलं नाही. मी बाहेर आले, ओट्यावर उभी राहिले आणि वर पाहिलं. घाटाकडे ढग होते, नदीकडे ऊन होतं. मला त्यातलं काही म्हणजे काही कळलं नाही. आणि तो म्हातारा रोज सकाळी केवढं ओझं घेऊन या ओट्यावर बसत असेल, ते कळलं.

"पेरा," मी म्हणाले.