सासऱ्यांची सुरुंगवाली बोट

समुद्र डोळ्यांनी न पाहता समुद्राची इतकी काळजी वाहणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात माझ्या सासऱ्यांशिवाय दुसरा नसेल. शेंदूरजनाघाटला त्यांची संत्र्याची बाग आहे. मोबाइलवर फवारणीचा पंप शोधता शोधता त्यांना अमेरिकन नौदलाची एक शंभरेक वर्षांपूर्वीची बोट सापडली. नाव एका पक्ष्याचं, काम पाण्यात पेरलेले सुरुंग काढण्याचं. झालं, ती घरचीच झाली. ती कुठल्या गोदीत बांधली, लढाई संपल्यावर कुठल्या गारठलेल्या समुद्रात गेली, बुडालेली जहाजं वर काढायला कशी धावली, हे सगळं पाहुण्याला चहाच्या आधी ऐकावं लागतं. म्हातारपणी तिच्याकडून नुसती दुसरी जहाजं ओढायची कामं करून घेतली, या भागाला त्यांचा आवाज जड होतो. एकदा संत्र्याच्या व्यापाऱ्यानं पुढचं ऐकावं लागू नये म्हणून ते म्हणतील तो भाव दिला. जावयाला तर तीही सोय नाही.

"लढाई सरली, जावईबापू, लोक आपापल्या घरी गेले. पन पेरलेलं पान्यातच राह्यलं ना. ते कोन काढन?" असं ते म्हणाले की घरातलं कोणी त्यांच्याकडे पाहत नसे. समोरच्याच घरात त्यांचा धाकटा भाऊ राहतो. सामाईक विहिरीवरून दोघांची कोर्टकचेरी झाली, समझोताही झाला. बोलणं मात्र बंदच राहिलं. आता त्या घरी पुतणीचं लग्न ठरलं होतं. तिला लहानपणी खांद्यावर घेऊन बागेत फिरवणारे मोठेबाबाच मांडवात नसतील, या धास्तीनं सासूबाईंचं जेवणावरचं मन उडालं होतं.

अशातच मी धोंड्याच्या जेवणाला गेलो. पानावर बोट सुरू झालीच. मी आपलं जावयाच्या अदबीनं विचारलं, "ही एकटीच सुरुंग काढायची का?"

"एकलीनं कसे निंगतीन? दोन बोटी लागतात. जोडीनं चालाचं, मंधात पान्याखालून तार. तारेनं सुरुंगाची बुडाची साखळी तुटली का सुरुंग वर."

एवढं बोलून त्यांनी दारातून समोरच्या घराकडे पाहिलं. त्यांनी बोट अर्ध्यात सोडलेली मी प्रथमच पाहिली. पुरणपोळी तशीच टाकून, हात धुऊन ते सरळ समोरच्या घरी गेले. आम्ही सगळे दारात उभे.

माफी मागणं त्यांच्या रक्तातच नाही. ओट्यावर बसून त्यांनी भावाला बोटच सांगायला घेतली, अगदी गोदीपासून. भाऊ मान खाली घालून ऐकत राहिला. समुद्र आले, गेले. शेवटी तो म्हणाला, "दादा, तुयी बोट लय हळू चालते. चहा मांडू का?"

"मांड. पन लग्नात पंगतीचं मी पाह्यतो."

"मंग दुसरं कोन पाह्यन?"

सासूबाई पदर तोंडाला लावून रडल्या.

लग्न थाटात झालं. आता मी अकोल्याहून गेलो की सासरे समोरच्या ओट्यावरच भेटतात. "बसा, जावईबापू," म्हणतात आणि पुन्हा भावाशी बोलण्यात रमतात. मी बसून राहतो. मला मुद्दाम समोर बसवून बोट सांगणारं आता कोणी नाही, आणि ती मला किती आवडायची हे आत्ता कळतंय.